कपाळाला दोन विहिरी

जैनथ
ता. ६ सप्टेंबर १९८९

चारू, तुझ्या कार्डात आठ ओळी आहेत. तीन ओळी 'इकडे सर्व खुशाल' यात गेल्या, दोन पावसापाण्यात, दोन सगळ्यांना नमस्कार करण्यात. अन् तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस, 'शरीररचनेत नापास झाले, दसऱ्याला सामान घेऊन कायमची येते.' नापास झालीस त्याचा मला राग नाही. पण अशी गोष्ट उघड्या कार्डावर लिहितात का? पोस्टमननं वाचली, दुकानात थांबला तिथं त्यानं सांगितली, अन् अर्ध्या जैनथाला कळल्यावर ती माझ्या हातात आली. पाकिटाला काही सोन्याचा डिंक लागत नाही.

आता आशीर्वाद घे. वनमालालाही सांग. ती आपल्याकडच्या भैंसा गावची पोर तुझ्या खोलीत आहे एवढाच मला त्या वरंगलात आधार वाटतो.

तू लिहितेस, हात, पाय, पोट सगळं पाठ झालं, फक्त मुंडकं अन् मान राहिली. तोंडी परीक्षेत साहेबानं चिमट्यानं एक पांढरी दोरी उचलली, ही कोणती नस म्हणून विचारलं, अन् तुझी जीभ टाळूला चिकटली. आपल्या घराण्यात कोणाची जीभ टाळूला चिकटल्याचं मी ऐकलं नाही. तुझा आजा मुक्यासारखा राहायचा, पण ते माझ्यामुळे, टाळूमुळे नाही.

तुझा बाप पाघळला. म्हणतो, "येऊ दे ना माय तिले. काऊन पोरीच्या जिवाले त्रास? इथंच आदिलाबादले काही शिकन."

मी म्हटलं, "उद्धव, तू मेथीच्या जुड्या बांध. मुंडकं सोडून बाकीचं अंग तर कोंबडी सोलणाऱ्यालेही समजते. मुंडकं समजलं तर डॉक्टर."

मला काही झालेलं नाही. तब्येत चांगली आहे.

तुझ्या आईच्या हाताला मात्र काय झालं देव जाणे. चार दिवस झाले, भाजीत मीठ नाही. आंबाडीची भाजी केली तर तीही पाण्यासारखी. बोलले तर म्हणते, "बाई, सगळ्यांले मीठ लागून राह्यलं, तुमालेच कसं लागत नाही?" उलट बोलायला शिकली. वर नवे स्टीलचे पेले आणले, त्यांची कडच वाकडी आहे. एक घोट तोंडात, एक लुगड्यावर. फुंकणीही कुठं तरी फुटली असावी. मी चूल फुंकते तर वारा भलतीकडूनच निघून जातो.

समोरच्यांनी गणपती बसवला आहे अन् भोंगा लावला आहे. उजव्या कानात नुसता खिळा ठोकल्यासारखा वाजतो. डाव्या कानाला तोच भोंगा सोसतो, म्हणून मी डावं अंग रस्त्याकडे करून बसते. वांग्याच्या वाफ्यात धूळ गेली असावी, उजवा डोळा गळून राह्यला. तुझी आई म्हणते, तुमचा तो डोळा झोपेतही उघडा असतो. मी म्हटलं बरं आहे, घरावर लक्ष राहील.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आदिलाबादहून येताना बसच्या खिडकीत बसले होते. गार वारं लागलं, त्यानं कानामागं ठणका लागला होता. तो आता थांबला.

बाजाराला या खेपेस गेले नाही. कंटाळा आला. मथुराबाई माझ्या जागेवर बसली, बसू दे.

तुझा बाप देवळाच्या शिखरावर चढून पारवे धरून राह्यला. काऊन ते विचारू नको. आपल्या घरात अंडंही शिजत नाही, तेव्हा खायला नाही एवढं समज.

दसऱ्याला यायचं नाही. पेटी पलंगाखाली आहे तिथंच राहू दे. अन् उत्तर पाकिटात घाल.

राहीबाई


जैनथ
ता. १६ सप्टेंबर १९८९

चि. चारूला आशीर्वाद.

आजीच्या पत्राला तांबड्या शाईनं रेघा मारून तेच पत्र परत पाठवतात, हे मला माहीत नव्हतं. हे तुमच्या कॉलेजात शिकवतात का? मिठाखाली रेघ. पेल्याखाली रेघ. फुंकणी, भोंगा, उघडा डोळा, सगळ्यांखाली रेघा, अन् शेजारी बारीक अक्षरात कसलीकसली नावं. पारव्याखाली तर दोन रेघा. अन् तळाला, 'आजी, तुझ्या तोंडाची उजवी बाजू लुळी पडली आहे. खोटं बोलू नकोस.'

हो. पडली.

त्या दिवशी सकाळी चूळ भरायला पाणी घेतलं ते उजव्या कोपऱ्यातून धार लागून गेलं. तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं अन् तिच्या हातातली चरवी पडली. तुझा बाप ओरडला, "मायले लकवा मारला हो!" झालं. त्याच्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली. कोणी म्हणे आज तोंड गेलं, उद्या हात जाईन, परवा पाय. एक बाई तर म्हणाली, "राहीबाई, कोणाले काही सांगायचं राह्यलं असन तर सांगून घ्या." मी म्हटलं, "तुले सांगायचं आहे, तू घरी जा." पण ते शब्दही तोंडातून फसफस करत निघाले अन् ती हसली. ते हसू माझ्या जिवाला लागलं. माझ्याजवळ दुसरं काय आहे ग? जमीन दीड एकर आहे अन् हे तोंड.

मग पारवा. आपल्याकडे लकव्याला पारव्याचं गरम रक्त चोळतात, हे तुला सांगायला नको. तुझ्या बापाच्या हातून मुंगी मरत नाही. त्यानं डोळे मिटून कोणाकडून तरी कापून घेतला, अन् रक्त माझ्या वाकड्या गालाला चोळलं. दोन दिवस मी गोधडीत डोकं गुंडाळून, दार लावून, माशा हाकलत बसले. त्यातच तुला ते पत्र लिहिलं.

आता त्यासोबत आलेलं तुझं पत्र. तू लिहिलंस की तोंड ज्या बाजूला ओढलं जातं ती बाजू धडधाकट असते. जी सपाट होते, तिच्या स्नायूंचं ओढणं बंद झालेलं असतं. हे मी तीनदा वाचलं, मग समजलं. बाजारात आमी पाल बांधतो, त्याची एका अंगाची दोरी सैल झाली की कापड ताणलेल्या अंगाला सरकतं. पाहणारा म्हणतो, या अंगाला ओढलं गेलं. अरे, पण सुटलं ते दुसऱ्या अंगाला! माझं तोंड डावीकडे गेलं होतं, म्हणून सगळ्यांनी डावा गाल आजारी ठरवला. म्हणजे पारव्याचा जीव गेला, तोही बिनआजाराच्या गालासाठी. तुझा बाप हे ऐकून अंगणात जाऊन बसला. दुसरा एक धरून टोपलीखाली ठेवला होता, ज्वारी खाऊन चांगला माजला होता. तो मी सोडून दिला.

तू सांगितलंस तशी आरशासमोर बसले. कुंकू लावायचं नसलं की आरशाचं काय काम असते, तेव्हा तो ट्रंकेतून काढावा लागला. तुझा बाप तुझं पत्र मोठ्यानं वाचत होता, जसा काही पंचायतीचा हुकूम. "आजी, भुवया वर कर. कपाळाच्या दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या, तर मेंदूत गडबड आहे, एक घडी थांबायचं नाही. एकाच बाजूला पडल्या आणि लुळ्या बाजूचं कपाळ गुळगुळीत राहिलं, तर नस कानामागं सुजली आहे. ती बहुतेक बरी होते. तरी दवाखान्यात जायचंच."

चारू, मी भुवया वर केल्या. डावीकडे आठ्याच आठ्या. उजवीकडे सोळा वर्षांच्या पोरीचं कपाळ.

तुझी आई म्हणाली, "नाही पडली आठी! बाई, नाही पडली!" अन् रडू लागली. या घरात माझ्या आठ्यांना पंचवीस वर्षं ती भ्याली, अन् त्या पडल्या नाहीत म्हणून तिनं देवाला साखर ठेवली.

पण मला हे पटेना. कपाळ हलत नाही हे जास्त वाईट, का चांगलं? तू लिहिलं होतंस, कपाळाच्या स्नायूला मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून निरोप येतो, खालच्या तोंडाला एकाच अर्ध्या भागाकडून. ते माझ्या डोक्यात जाईना. मग वांग्याला पाणी देताना गेलं. असं पाहा. कपाळाच्या वाफ्याला दोन विहिरींचं पाणी आहे. गालाच्या अन् ओठाच्या वाफ्याला एकाच विहिरीचं. एक विहीर आटली तर खालचे वाफे सुकतात, पण कपाळाचा ओला राहतो, दुसरीचं पाणी येत असते. पण विहिरी दोन्ही भरल्या असून वाफ्यांजवळचा पाटच बुजला, तर वरचा खालचा सगळाच सुकतो. माझ्या विहिरींना काही झालेलं नाही. कानामागचा पाट बुजला आहे. बरोबर का? चूक असेल तर तांबडी रेघ मार.

अन् पाच फाटे. तू म्हणतेस ती नस कानाच्या पाळीजवळून निघते अन् पाच फाटे होऊन तोंडभर पसरते, कानशिलाला, डोळ्याकडे, गालाला, जबड्याला, मानेला. तू लिहिलंस, गालावर पंजा ठेव, मनगट कानापाशी, बोटं पसरून, तशी. पंजा ठेवून पाहिला. ही तर थापड झाली! एवढ्यासाठी इंग्रजी पुस्तक कशाला, तुझ्या बापाच्या लहानपणी मी रोज त्याच्या गालावर ही नस काढून देत होते.

परवा आदिलाबादला दाखवून आलो. डॉक्टर तेलुगू माणूस, तुझ्या बापाशी हिंदीत बोलला. त्यानंही भुवया वर करायला लावल्या. तुझा बाप म्हणाला, "साब, वो हो गया. बेटीने चिट्ठी में करवा लिया." डॉक्टरनं चिठ्ठी मागून घेतली, मराठी वाचता येत नव्हतं तरी तुझ्या रेघा पाहिल्या. विचारलं, कोणत्या वर्षाला आहे? तुझा बाप खाली पाहू लागला. मी म्हटलं, पहिल्या. ते खोटं नाही. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना पापणी मिटून वर पट्टी लावायला सांगितली, नाही तर बुबुळ सुकून जखम होते म्हणाला. थोडं उशिरा आलात, पण येईल, महिने लागतील म्हणाला. मिठाचं विचारलं तर म्हणाला, चवीची तारही त्याच नसेबरोबर जाते. म्हणजे तुझी आई निर्दोष. मी तिला अजून सांगितलं नाही. सांगीन.

आता तुझी शेवटची ओळ. 'आता तर मला यायलाच पाहिजे, आजीला बघायला कोणी तरी हवं.'

ही ओळ तू लिहिणार हे मला माहीत होतं, म्हणूनच सगळं लपवलं होतं. परीक्षेतून पळायला माझं तोंड तुला सापडू नये. अन् आता खरं लिहिते. पहिल्या दिवशी मीच तुझ्या बापाला म्हणाले होते, जा, पोरीला घेऊन ये. तो चप्पल शोधू लागला. तेवढ्या वेळात माझं मन ठिकाणावर आलं, अन् मी त्याची एक चप्पल गोधडीखाली घेऊन बसले. त्यानं ती संध्याकाळपर्यंत शोधली. विचारू नको, त्याला अजून माहीत नाही.

तर पेटी उघडायची नाही. तू म्हणतेस तुला मुंडकं येत नाही. मी पाच खोट्या तक्रारी लिहिल्या अन् तू दोनशे मैलांवरून माझ्या कानामागची नस धरलीस. तू लिहितेस, तोंडीला विचारलेली नस हीच; त्या साहेबानं तर ती चिमट्यात धरून तुझ्या डोळ्यापुढे केली होती. मग अडलं कुठं? तुला नस येते. तुला माणूस समोर आला की भ्यावं वाटते. ते दुसरं दुखणं आहे, त्याला औषध आहे. त्या साहेबाच्या जागी मला बसव. मला कोण भीत नाही? अन् मला तर तू रेघा मारल्यास.

राहीबाई


जैनथ
ता. २४ ऑक्टोबर १९८९

चि. चारू,

दसऱ्याला आली नाहीस, बरं केलंस. सणाच्या जेवणाला तुझ्यावाचून घास गेला नाही असं तुझा बाप म्हणतो, पण पुरणपोळ्या पाच खाल्ल्या.

फेरपरीक्षेचा फॉर्म भरलास हे कळलं. सहा नोव्हेंबरला पेपर, त्यापुढं तोंडी. तू लिहितेस, लेखीची काळजी नाही, तोंडीचीच भीती वाटते, पुन्हा नापास झाले तर मात्र येऊ दे. ते खाली पाहू.

माझं ऐक. परवा मी तुझ्या आईला बोलत होते, तिनं पालकाच्या वाफ्यात पाणी सोडून तसंच ठेवलं होतं. ती मधेच म्हणाली, "बाई, थांबा, पुन्हा बोला." मी म्हटलं, पुन्हा काऊन? म्हणे, "उजवा कोपरा हलला." मग मी तिला अर्धा तास बोलले. दोघी हसलो. आता ओठ अर्धा वर येतो, पेल्यातला चहा सांडत नाही. कपाळावर उजवीकडे एक आठी पडते, एकच, बारीक. डोळा पूर्ण मिटत नाही अजून, पट्टी चालू आहे. मीठ लागते. तुझ्या आईला मी सांगितलं की त्या वेळी मीठ बरोबर होतं. तिनं त्या दिवशी आंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी जास्त घातली.

आता दुसरं. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा बाजारात बसले होते. मथुराबाईनं जागा सोडली, पण तोंड माझ्याहून वाकडं करून. तेवढ्यात त्यांच्या घरून निरोप आला, तिचा दीर लक्ष्मणराव ओट्यावरच कलला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. गल्ली धावली. मी पोहोचले तर कोणी तरी पारवा घेऊन उभा. मला पाहून म्हणतो, "राहीबाईले गुण आला ना!"

मी म्हटलं, "मले गुण कशाचा आला ते मले माहीत आहे. सरका." लक्ष्मणरावाच्या समोर बसले अन् म्हटलं, "भाऊ, माझ्याकडे पाहा. भुवया वर करा."

त्यानं केल्या. चारू, दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या. डावी पडली, उजवी पडली, सारख्या. अन् तोंड मात्र एकीकडे. हातात त्याच्या माझा हात होता, त्याची पकड सैल होती.

मी म्हटलं, "विहीर आहे. पाट नाही, विहीर आहे. जीप आणा." कोणाला काही समजलं नाही. मथुराबाई म्हणाली, "हे काय बडबडून राह्यल्या तुमी? रक्त तर चोळू द्या आधी." मी तिच्यावर असा आवाज चढवला की देवळावरचे उरलेले पारवेही उडाले. "पारवा राहू दे मरो! याचं मेंदूत आहे! आत्ता आदिलाबादले न्या, एका घडीत न्या, नाही तर उद्या मले विचारू नका!" अर्ध्या तोंडाचा आवाज होता, पण होता. जिनिंगवाल्याची जीप मिळाली.

दवाखान्यात म्हणाले, वेळेवर आणला. तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवला. आठ दिवस झाले. हात अजून जड आहे, बोलणं येऊन राह्यलं. वाचला. काल मथुराबाई आली, टोपलीभर टमाटे ठेवले अन् म्हणाली, "तुमाले हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या नातीनं. ती म्हणाली, "ती नापास झाली ना?"

मी तिचे टमाटे ठेवून घेतले अन् तिला घालवून दिलं. पण रात्रभर तो सवाल खाटेवर माझ्या शेजारी निजला होता. आता तू सांग, तिला मी काय सांगू? की जिच्या एका पत्रावरून तुझा दीर जिवंत आहे, ती एका माणसासमोर बोलता येत नाही म्हणून घरी येऊन मेथी निवडते? मी दुसरी पास बाई. मला तुझ्या पत्रातली अर्धी नावं वाचता आली नाहीत. पण ओट्यावर बसून, सगळी गल्ली माझ्याकडे पाहत असताना, मी एवढंच केलं की जे माहीत होतं ते मोठ्यानं बोलले. चूक निघालं असतं तर लोक हसले असते. मला वाटलं होतं, हसण्यानं माणूस मरते. नाही मरत. मी मरून पाहिलं.

तोंडीला साहेब समोर बसला की त्याला साहेब समजू नको. ओट्यावर कललेला माणूस आहे अन् त्याच्या मागं पारवा घेऊन सगळं गाव उभं आहे, असं समज. मग जीभ कशी चिकटते पाहू.

पुन्हा नापास झालीस तर काय, ते विचारलंस. तर पुन्हा बसायचं. मी पण पट्टी लावून झोपते, सकाळी उठून आरशात पाहते, एक आठी, पुन्हा तेच. काल एक होती, आज दीड आहे.

दिवाळीला यायचं नाही. चकल्या तुझा बाप एस.टी.नं पाठवून राह्यला, वनमालाला अर्ध्या दे, मोजून नको, ओंजळीनं दे.

आणि हे नीट वाच. या पत्राला तू उत्तर लिहायचं नाही. तोंडी होईपर्यंत एक ओळही नाही, ना कार्डावर, ना पाकिटात. हातात पेन आलं तर त्यानं नसा काढ. उत्तर वनमालानं लिहायचं. ती लिहीन, चारू जेवली का, झोपली का, अन् साहेबापुढं बोलली का. काय बोलली ते नको, बोलली का एवढंच. वनमाला, तुला हे पत्र ती वाचून दाखवीन, तर पोरी, खरं लिही. तिच्यासारखं मुंगीच्या अक्षरात नको. मोठं लिही, मला सध्या दीडच डोळा आहे.

तुमची दोघींची आजी,
राहीबाई